कोलंबसला मिशिगनची मॅच बघायला जायचंय, पिवळं घालून जावं का?

नोव्हीची_मीनल

नमस्कार मंडळी, फुटबॉलचा धागा इथे चालतो की नाही माहीत नाही, पण विभाग भटकंतीचा आहे आणि आम्हाला भटकायचंच आहे म्हणून टाकतेय. आम्ही मिशिगनात नोव्हीला राहतो. लेक अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथं गेल्यापासून तिच्या अंगात फुटबॉल संचारलाय, आपला नव्हे, हेल्मेटवाला. घरी भांड्यांपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की पाय दुखतात आणि तिकडे स्टुडंट सेक्शनमध्ये बाकावर चार चार तास उभी असते.

तर झालंय असं की मिशिगन २०२१ ते २०२४ शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला ओळीने चार वेळा हरवत होतं आणि गेल्या वर्षी ही बया तिथं दाखल झाली आणि टीम घरच्या मैदानावर २७-९ अशी हरली. तेव्हा सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, त्या सहज चेष्टेत म्हणाल्या "बघ गं, तुझा पायगुण", झालं, ते पोरीने मनावर घेतलं. यंदाची मॅच कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या मैदानावर आहे, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, आणि हिला तिथं जाऊन तो पायगुण धुऊन काढायचाय. एकटीला मैत्रिणींबरोबर पाठवायला मी तयार नाही, मग "तुम्हीही चला" असं ठरलं. नवऱ्याचं मत विचारू नका, त्याच्या मते हा खेळ म्हणजे चार सेकंद धक्काबुक्की आणि चाळीस सेकंद मीटिंग. पण गाडी चालवायला तयार झालाय.

आता प्रश्न. दोन वर्षांपूर्वी तिकडे मॅच संपल्यावर मैदानात मारामारी झाली होती ती यूट्यूबवर बघितली आणि पोटात गोळा आला. मिशिगनचे पिवळे-निळे कपडे घालून ओहायोच्या लाखभर लाल कपडेवाल्यांमध्ये बसणं कितपत शहाणपणाचं आहे? दहा वर्षांचा मुलगा बरोबर असेल, त्याला न्यावं का? तिकिटं कुठून घ्यायची, आम्ही कधीच घेतलेली नाहीत. सासूबाई याही वर्षी आहेत, वय ७१, गुडघे दुखतात पण "मी पण येते, पायगुण बघायला" म्हणतायत. आणि आम्ही शाकाहारी आहोत. कुणी स्वतः गेलं असेल तर सांगा, ऐकीव नको.

बकाय_बंडू

ताई, ओहायो स्टेटचा माजी विद्यार्थी आणि गेली सतरा वर्षं कोलंबसच्या शेजारी डब्लिनमध्ये राहणारा माणूस या नात्याने शत्रुपक्षातर्फे तुमचं स्वागत. तुमच्या लेकीचा पायगुण आम्हाला फार आवडला, तिला मास्टर्सही तिथंच करायला सांगा.

चेष्टा बाजूला. पहिली गोष्ट म्हणजे तो मारामारीचा व्हिडिओ. ती २०२४ची मॅच, मी आत होतो. भांडण झालं ते खेळाडूंचं, मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर आमच्या 'ओ'वर झेंडा रोवायचा प्रयत्न केला त्यावरून, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही युनिव्हर्सिटींना बिग टेनने, म्हणजे दोघी ज्या लीगमध्ये खेळतात तिने, एक-एक लाख डॉलरचा दंड केला. लाज वाटावी असंच होतं ते. पण प्रेक्षकांत आमच्या सेक्शनला तरी लोक नुसते दगड होऊन बसले होते. वीस पॉइंटने जिंकणार असं सगळे धरून चालले होते आणि हरलो १३-१०, भांडायला अंगात त्राण कुणाला होतं.

कपडे बिनधास्त घाला. पिवळा हूडी घालून इथल्या दर मॅचला हजारो लोक येतात. टोमणे खाल, ते गृहीत धरा. कुणीतरी तोंडासमोर येऊन "ओ-एच!" ओरडणार आणि तुमच्या मागचा पुढचा सगळा रस्ता "आय-ओ!" म्हणणार, तेव्हा फक्त हसायचं. इथे त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे एम अक्षर आहे तिथे लाल टेपने फुली मारतात, मेडिकल सेंटर असो की म्युझियम. मिशिगनचं नावच घ्यायचं नाही असा रिवाज आहे, "ती उत्तरेकडची टीम" म्हणतात, जुनी सासुरवाशीण नवऱ्याचं नाव घेत नसे तसं. मुलाला त्या फुल्या मोजायला लावा, त्याचा वेळ मजेत जाईल.

फक्त दारू प्यायलेल्या कॉलेजच्या पोरांपासून लांब राहायचं, म्हणजे हाय स्ट्रीटच्या बाजूने चालायचं नाही. नदीच्या पश्चिमेला पार्किंग करा आणि पूल ओलांडून या, तिकडे कुटुंबवाले लोक असतात, शेगड्या मांडून बसलेले आजी-आजोबा असतात.

कँटनचा_कोल्हापूरकर

मी मिशिगनवाला, कोलंबसला दोनदा जाऊन आलोय, २०२२ आणि २०२४, दोन्ही वेळा जिंकून आलोय तेव्हा पायगुण हवा असेल तर मला गाडीत घाला, पेट्रोल मी टाकतो.

बंडूराव म्हणतायत ते बरोबर आहे पण अर्धं आहे. ते यजमान आहेत, त्यांना कळत नाही पाहुण्याला काय होतं ते. सांगतो.

मी मूळचा शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच ज्यानं बघितलीय त्याला कुठलंही स्टेडियम नवीन नाही असं मला वाटायचं. २०२२ला पहिल्यांदा घोड्याच्या नालेसारख्या त्या स्टेडियममध्ये शिरलो आणि खरं सांगतो, पाय लटपटले. एक लाखावर माणूस, सगळं लालेलाल, आणि माझ्या डोक्यावर पिवळी टोपी. सीट पाहुण्यांच्या सेक्शनमध्ये नव्हती, रीसेलवर घेतलेली होती त्यामुळं चारी बाजूंनी ओहायोवालेच. शेजारी एक साठीचा काका, शेतकरी माणूस, हात ही एवढे. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पोरा, पैसे वाया घालवलेस." पहिल्या हाफला ते पुढं होते तेव्हा दर वेळी माझ्या पाठीत एक धपाटा, प्रेमाचा, पण धपाटाच. मग सेकंड हाफला आमचा डोनोव्हन एडवर्ड्स पळाला, एकदा ७५ यार्ड आणि एकदा ८५ यार्ड, मॅच ४५-२३. २००० सालानंतर कोलंबसमध्ये आमचा पहिला विजय. काका गप्प झाला. मी पण गप्प, कारण मला कळलं की आता जर मी ओरडलो तर हा माणूस मला काही करणार नाही, पण त्याच्या मागच्या रांगेतली चार पोरं करतील. उठताना काकानं खिशातून उरलेले दोन हँडवॉर्मर काढून माझ्या हातात दिले, "रात्र थंड आहे, तुला लांब जायचंय" म्हणाला आणि मागं न बघता गेला.

तर ताई, मुद्दा असा की हरलात तर तुम्हाला कुणी हातसुद्धा लावणार नाही, उलट बियर पाजतील. काळजी घ्यायची ती जिंकलात तर. २०२४ला शेवटची ४५ सेकंद उरली असताना आमच्या झ्वाडानं २१ यार्डाचा फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून, तीन पॉइंट) मारला आणि त्यांचा शेवटचा प्रयत्न फसल्यावर मी एक मिनिट पण थांबलो नाही. पिवळ्या हूडीवर काळं जॅकेट चढवलं, टोपी खिशात आणि गर्दीबरोबर तोंड पाडून चालत सुटलो, कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं याचाच बाप गेलाय. खाली झेंड्यावरून भांडण चाललंय हे मला गाडीत बसल्यावर बायकोच्या फोनवरून कळलं. नाच-गाणं काय करायचं ते टोलेडो ओलांडल्यावर, म्हणजे ओहायोची हद्द संपल्यावर करा. लेकीला हे आधीच बजावून ठेवा. वीस वर्षांच्या पोरीला जिंकल्यावर तोंड बंद ठेवायला सांगणं म्हणजे मला माहिताय काय असतं ते, पण सांगा.

बाकी थंडीचं. अॅल्युमिनियमचे बाक आणि खाली काँक्रीट. बूट कितीही चांगले असले तरी दुसऱ्या क्वार्टरला पाय जातात. एक साधी युक्ती, पुठ्ठ्याचं खोकं फाडून त्याचा एकेक तुकडा पायाखाली टाकायचा. २०२४ला एका म्हाताऱ्या बाईनं मला आपल्यातला अर्धा पुठ्ठा फाडून दिला तेव्हा कळलं, आणि फरक एवढा पडतो की बूट बनवणाऱ्यांना लाज वाटावी. पोराला दोन मोजे, मधे प्लॅस्टिकची पिशवी.

तात्या_टेक्सास

एवढा खटाटोप कशाला, टीव्हीवर बघा की. घरचा सोफा, घरचा चहा, रीप्ले फुकट.

नोव्हीची_मीनल

@तात्या नवऱ्याचा आयडी आहे का हो हा?

@बकाय_बंडू, @कोल्हापूरकर दोघांनाही मनापासून धन्यवाद. ते काका आणि हँडवॉर्मर वाचून लेक म्हणाली "हेच तर मी सांगत होते", आणि जॅकेटचं वाचून मी म्हणाले "हेच तर मी सांगत होते". तिकिटांचं कुणी सांगेल का? आणि आजींचं? नवऱ्याचा आणखी एक प्रश्न, मॅच बघताना नक्की कधी ओरडायचं असतं, कारण त्याला भीती आहे की तो चुकून त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवेल.

अ‍ॅगी_अभय

तिकिटांचं मी सांगतो, मी टेक्सास ए अँड एमचा, आमच्याकडे पण हेच चालतं. पाहुण्या टीमला एक कोटा मिळतो, तो तुमच्या युनिव्हर्सिटीचं तिकीट ऑफिस वाटतं, पण तो आधी देणगीदार आणि सीझन तिकीटवाल्यांना जातो आणि अशा मोठ्या मॅचला तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. मग उरलं रीसेल. घाई करू नका पण शेवटपर्यंतही थांबू नका, दोन्ही टीम जिंकत आल्या की भाव चढत जातात आणि एखादी मधेच दोन मॅच हरली की धपकन खाली येतात, म्हणजे थोडक्यात तुमची टीम वाईट खेळली तर तुमची ट्रिप स्वस्त होणार. चार सीट सलग हव्या असतील तर जास्त पैसे, दोन-दोन घेतल्यात तर कमी. दहा वर्षांच्या मुलालाही पूर्ण तिकीट लागतं.

आणि हे नीट वाचा. तिकीट फोनवरच असतं, त्यातला बारकोड बरेचदा बदलत राहतो त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. गेटपाशी लाखभर लोक एकदम फोन उघडतात तेव्हा नेटवर्क बसतं. आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळी तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवा आणि चौघांची एकाच फोनवर ठेवू नका. थंडीत बॅटरी ४० टक्क्यांवरून सरळ बंद पडते, माझी पडलीय, गेटवर उभं राहून फोन काखेत धरून गरम करत होतो, मागचे लोक बघत होते की हा काय प्रकार.

पर्स नेऊ नका. स्वच्छ पारदर्शक पिशवी, १२ बाय ६ बाय १२ इंचाच्या आतली, हे बऱ्याच स्टेडियमचं माप आहे, तरी निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आता पाहुणचाराचं. मी २०२३ला लुइझियानात बॅटन रूजला एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) मॅचला गेलो होतो, ह्यूस्टनहून चार-साडेचार तास. सकाळी ११ची मॅच होती तरी लोक पहाटेपासून भांडी चढवून बसलेले. आमचे मरून रंगाचे शर्ट दिसले की पोरंटोरं, बायका, म्हातारे सगळे अंगावर येऊन ओरडतात "टायगर बेट!" म्हणजे वाघाचं भक्ष्य. बायको माझा दंड घट्ट धरून चालत होती. आणि त्याच ओरडणाऱ्यांपैकी एका आजीबाईंनी पुढच्या मिनिटाला हाताला धरून तंबूत नेलं आणि वाडगाभर गंबो, म्हणजे तिकडचं दाट कालवण, दिला. मी शाकाहारी. त्यात सॉसेज, कोंबडी आणि खाली काहीतरी पाय असलेलं. नाही म्हणालो तर त्यांना इतकं वाईट वाटलं की शेवटी नुसता भात आणि बटाट्याचं सॅलड असं ताट वाढून दिलं आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मॅच हरलो, ४२-३०. पण ते ताट लक्षात आहे. तेव्हा ताई, कुणी बोलावलं तर जा, फक्त "आम्ही मांस खात नाही" हे तंबूत शिरायच्या आधी सांगा, वाढल्यावर नव्हे.

बकाय_बंडू

आमच्याकडे ओरडतात खूप, वाढतात जरा कमी, लुइझियानाशी बरोबरी नाही. पण बकाय म्हणून एक गोड मिळतं, पीनट बटरचा लाडू आणि वरून चॉकलेट, शाकाहाऱ्यांना चालतं, आजींना पण आवडेल. बकाय हे मुळात झाडाचं फळ आहे, आमच्या टीमचं नाव त्यावरूनच, हरणाच्या डोळ्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. खरं फळ विषारी असतं, ते मुलाला खाऊ देऊ नका, लाडूच द्या. स्टेडियममध्ये तुम्हाला प्रेट्झेल, पॉपकॉर्न, नाचो यावर भागवावं लागेल, त्यामुळे सकाळी गाडीत मेथीचे पराठे दाबून खाऊन मगच आत जा.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. सोपा नियम, ज्यांच्या हातात बॉल आहे त्यांचे लोक गप्प बसतात आणि समोरच्यांचे ओरडतात. कारण बॉल हातात असलेल्या टीमला एकमेकांचं बोलणं ऐकू यावं लागतं. तुमच्या मिशिगनच्या हातात बॉल असेल, त्यातून तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) असेल, तर आमचे लोक असे काही किंचाळतील की शेजारच्याचं ऐकू येणार नाही, तुमचा एखादा खेळाडू गोंधळून आधीच हलला की पाच यार्ड दंड. म्हणजे स्टेडियममध्ये कानठळ्या बसत असतील तर समजायचं बॉल आपल्याकडे आहे, आणि अचानक सुतकी शांतता झाली की समजायचं आपलं काहीतरी चांगलं झालं. तेव्हा टाळ्या. दोनच वाजवा.

मुलाला न्या, नक्की न्या. फक्त मॅचसाठी नाही, आमच्या बँडसाठी. सगळी पितळी वाद्यं आणि ढोल, चालत चालत मैदानावर 'ओहायो' असं वळणदार अक्षरात लिहितात आणि शेवटी सूझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं पितळी वाद्य) एकटा ठुमकत जाऊन आयवर टिंब देतो. १९३६पासून चाललंय. त्या टिंबाला अख्खं स्टेडियम उभं राहतं. ते बघायला किकऑफच्या आधी अर्धा-पाऊण तास सीटवर पाहिजे, उशीर करू नका.

कँटनचा_कोल्हापूरकर

बंडूराव, ते अक्षर पहिल्यांदा तुमच्याच मैदानावर १९३२ला मिशिगनच्या बँडनं काढलं होतं, तेवढं पण सांगा की पाहुण्यांना. आणि १९२२ला स्टेडियमचं उद्घाटन करायला मिशिगनलाच बोलावलंत आणि १९-० हरलात, ते पण.

बकाय_बंडू

आलं, आलं. जेवायला बोलवावं तर हे वास्तुशांतीचा हिशेब काढतात. ताई, तुमच्या मुलाला मेन गेटच्या घुमटाखाली उभं करून वर बघायला सांगा, निळ्यावर पिवळी फुलं काढलेली आहेत, त्या १९-०ची आठवण म्हणून असं लोक सांगतात. खरं-खोटं घुमटाला माहीत.

पुढचं ऐका, आजींचं. सी डेकच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्याच्या, पायऱ्या ७१ वर्षांच्या गुडघ्यांना नको. नोव्हेंबरच्या थंडीत चार तास तर मुळीच नको. आमची आई पण इथेच आहे, सांगलीची, दिवसभर एकटी टीव्हीशी बोलते. आजींना आमच्या घरी सोडा, घर डब्लिनला, स्टेडियमपासून गर्दी नसेल तर वीस मिनिटं. दोघी मिळून टीव्हीवर मॅच बघतील आणि पायगुण कुणाचा ते ठरवतील. मी तसाही यंदा तिकीट काढणार नाहीये, २०२४ नंतर डॉक्टरने नाही, बायकोने बंदी घातलीय. तुम्ही पण आदल्या रात्री या, खोली रिकामी आहे. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.

नोव्हीची_मीनल

अहो काय हे, डोळ्यांत पाणी आणलंत. अनोळखी माणसांकडे असं कसं यायचं म्हणून मी आधी नाही म्हणणार होते, पण सासूबाईंनी व्यनि वाचायला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "सांगलीत कुठं?" तर उत्तर द्या, त्यांचं माहेर मिरजेचं आहे.

तिकिटं झाली, दोन-दोन करून चार, एकमेकांपासून तीन रांगा सोडून. किती पैसे गेले ते इथे लिहीत नाही, नवरा तात्या नसला तरी हा धागा वाचतो. हॉटेलचंही सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. आम्ही ऑगस्टमध्येच एक बुक करून ठेवलं होतं, परवा त्यांचा मेल आला की तुमचं बुकिंग "सिस्टीमच्या चुकीमुळे" रद्द झालंय आणि तीच खोली साइटवर तिप्पट भावात दिसतेय, दोन रात्रींची सक्ती वर. तेव्हा मोठ्या मॅचच्या वीकेंडला बुकिंग केलंत तर अधूनमधून फोन करून खात्री करत राहा.

रस्त्याचं विचारायचं होतं, गूगल फिंडलेवरून दाखवतंय, तोच बरा का?

कँटनचा_कोल्हापूरकर

तोच. आय-७५ने टोलेडो, मग फिंडले, तिथून १५ नंबर धरून पुढं यूएस-२३. तीन ते साडेतीन तास. अधेमधे गावं लागतात तिथं स्पीडचा बोर्ड एकदम बदलतो आणि मिशिगनची नंबर प्लेट, तेव्हा पाय हलका ठेवा. माझ्याकडं पावती आहे.

टोलेडो आलं की पोराला ही गोष्ट सांगा, या भांडणाचं मूळ फुटबॉलच्या कितीतरी आधीचं आहे. १८३५ला त्या टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन दोघांनी आपापलं सैन्य उभं केलं होतं. लढाई म्हणावी अशी झालीच नाही, एका शेरीफच्या माणसाला चाकू लागला तेवढंच. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात वरचा जंगलाचा भाग दिला, तेव्हा सगळे रडले की फसवलं म्हणून, आणि पुढं त्याच जंगलात तांबं आणि लोखंड निघालं. सीमाप्रश्न म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मॅच सुरू झाल्या १८९७ला, म्हणजे हे भांडण जुनंच.

आणि बर्फाचा अंदाज बघून निघा. १९५०ला कोलंबसलाच हीच मॅच हिमवादळात खेळली होती, मिशिगनला अख्ख्या मॅचमध्ये एकदा पण फर्स्ट डाऊन (चार प्रयत्नांत दहा यार्ड) मिळाला नाही तरी ९-३ जिंकले. तुमच्या साहेबांना सांगा, तसली मॅच असली तर नुसती मीटिंगच बघायला मिळेल.

तात्या_टेक्सास

मी नवरा नाही हो. पण आता मलाही यावंसं वाटायला लागलंय. तुमची चार सोडून आणखी एखादं तिकीट मिळेल का?

बकाय_बंडू

तात्या, सोफा आमच्याकडे पण आहे.

मीनलताई, आईने आजींसाठी उत्तर दिलंय, सांगलीत गावभागात, गणपती मंदिराजवळ. आता दोघींचं फोनवर बोलणं पण झालंय आणि मॅचच्या दिवशी काय करायचं ते ठरलंसुद्धा, थालीपीठं. आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

शुक्रवारी थँक्सगिव्हिंगच्या सेलची गर्दी असते, डेलावेअर गावाच्या पुढे सिग्नलच सिग्नल आहेत, तिथे अडकलात की फोन करा, मी चहा टाकतो. शनिवारी सकाळी आठला निघायचं, मी ३१५ नंबरच्या रस्त्याने तुम्हाला पश्चिमेच्या पार्किंगला सोडतो म्हणजे तुमची गाडी न्यायलाच नको, संध्याकाळी तिथूनच उचलतो. कपडे पिवळे घाला, काय हवं ते घाला. फक्त तुमच्या गाडीला मिशिगनचा झेंडा लावून माझ्या दारात उभी करू नका, शेजाऱ्यांना मला तोंड दाखवायचंय.

नोव्हीची_मीनल

झेंड्याचं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, गाडीला नाही लावणार, पण आजीच्या स्वेटरला बॅज लावलाय तो काढणार नाही. आणि आजीही काढायला तयार नाहीत. तुमच्या आईंना आधीच सांगून ठेवा.